ड्रायव्हरकाकांची झोप कोणाच्या बजेटमध्ये?

इंडस्ट्रिअल व्हिजिट ठरली की मीटिंगमध्ये काय काय निघतं! पुशबॅक सीट्स आहेत का, म्युझिक सिस्टिम चालते का, येताना बीच होईल का. ड्रायव्हरकाका आदल्या रात्री झोपलेत का, हे मात्र कुणी विचारत नाही. रात्रीचा प्रवास केला की लॉजचा खर्च वाचतो ना! दिवसा आपण प्लँट बघतो, ते तापलेल्या बसमध्ये पडून असतात, आणि संध्याकाळी परत स्टिअरिंगवर. आपली ट्रिप, त्यांची ड्यूटी.

मित्रांनो, आपल्याच भाषेत बोलू. ताशी 90 किमी म्हणजे सेकंदाला 25 मीटर. चार सेकंद डुलकी लागली तर शंभर मीटर बस नुसतीच धावते. (एवढं गणित फर्स्ट इयरलाही येतं!) पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतंच. टपरीवरचा चहा ती फार तर थोडी पुढे ढकलतो.

‘त्यांना सवय असते रे,’ असं म्हणतात. सवय गाडी चालवायची होते, जागरणाची नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातसुद्धा साधारणपणे दिवसाला आठ तासांचीच मर्यादा घातली होती.

म्हणून क्वोटेशन मागतानाच, रात्रीचा प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर लिहून मागा. सरांनीही परमिशन लेटरवर सही करण्याआधी तेवढं बघावं. आणि दिवसा काकांना झोपायला खोली घ्या. दीड हजार धरले तरी पन्नास जणांत माणशी तीस रुपये. ट्रिपच्या टी-शर्टला आपण याहून कितीतरी जास्त काढतो.