बोरकूट आणि ली हिंग मुई

मागच्या महिन्यात लेक हवाईहून आली. बॅगेतून एक पुडी काढून म्हणाली, "आई, आधी खा, मग विचार." आत सुरकुतलेलं, तांबूस, मीठ लागलेलं काहीतरी होतं. तोंडात टाकलं आणि एक डोळा आपोआप मिटला! खारट, आंबट, किंचित गोड, मागून ज्येष्ठमधाची चव.

"अगं, हे तर आपल्या बोरकुटाचं भावंड!" मी म्हणाले.

ती हसली नाही. "बोरकूट तू मला कधी खाऊ दिलंस?"

खरं आहे. औरंगपुऱ्यात तिच्या शाळेबाहेर एक मावशी टोपली घेऊन बसायच्या. उकडलेली बोरं, चिंचा, आवळे आणि कागदाच्या पुडीत बोरकूट. मी लेकीचा हात धरून तरातरा पुढे काढायचे... "धुळीतलं नको, घसा धरेल." लहानपणी मी स्वतः मात्र तेच चाटून वाढले. आज माझा घसा ठणठणीत आहे, हे सांगायला नकोच!

लेकीने आणलं ते ली हिंग मुई. मीठ, साखर, ज्येष्ठमध लावून वाळवलेलं आलुबुखार. नावाचा अर्थच प्रवासातलं आलुबुखार. १८५२ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला चिनी मजूर हवाईत गेले, त्यांच्याबरोबर असला खाऊही गेला. आज तिथे त्याची पूड अननसावर, आंब्यावर, बर्फाच्या गोळ्यावरसुद्धा भुरभुरतात. मजुरांचा खाऊ, पण तिथल्या लोकांनी तो अभिमानाने आपला म्हटला. आणि आपण? आपण बोरकुटाला 'कचरा' म्हटलं.

स्वच्छतेची काळजी खोटी नव्हती. पण मग मी घरी का केलं नाही? काय लागतं? पिकलेली गावरान बोरं गच्चीवर कडकडीत वाळवायची, कुटायची, बिया काढून चाळायची, मीठ आणि गूळ किंवा साखर घालायची. आपल्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाला कधी तोटा होता?

आता खरी अडचण वेगळीच आहे. बाजारात मोठी, हिरवी, पाणीदार अ‍ॅपल बोरं मिळतात. दिसायला देखणी, पण बोरकुटाला लागणारा आंबटपणा त्यांच्यात कुठे? तो त्या इवल्याशा गावरान बोरांत. आमच्या गावाकडे बांधावरच्या बोरी एकेक करून गेल्या. शेतकऱ्याला तरी काय बोल लावणार? ज्या फळाला कुणी विचारत नाही, त्याचे काटे त्याने का सोसावेत? आपल्याला बोरं आठवतात ती संक्रांतीला. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओततो आणि उरलेली केरात लोटतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. गावरान बोरं दिसली की घासाघीस न करता घ्या. आवड म्हणून नको, बोरी टिकाव्यात म्हणून घ्या. नुसत्या आठवणी काढून झाडं टिकत नाहीत.

असो. येत्या संक्रांतीनंतर मी दोन किलो वाळवणार आहे. ताई, हे वाचत असशील तर आईचा लोखंडी खलबत्ता तुझ्याकडेच आहे, तो पाठव. पहिली पुडी हवाईला जाईल. लेक खाईल की नाही, माहीत नाही... पण या वेळी 'नको' तिने म्हणावं, मी नाही.