विमानतळाचं चित्र आणि वाटाण्याचं रोप

जानेवारी आला की हल्ली जो तो व्हिजन बोर्ड करत सुटतो. जाड पुठ्ठा घ्यायचा, मासिकातली चित्रं कापायची आणि आपल्याला आयुष्यात काय काय हवंय ते त्यावर चिकटवायचं. मग तो पुठ्ठा कपाटाच्या दारावर लावायचा आणि रोज सकाळी दात घासताना त्याच्याकडे भक्तिभावाने बघायचं. आमच्या हापिसात यावर्षी याची चक्क दोन तासांची कार्यशाळा झाली. फेविस्टिक, कात्र्या, चकचकीत कागद, सगळं कंपनीच्या खर्चाने. एरवी मॉनिटरसमोर मान मोडून बसणारे तिशीतले लोक शिशुवर्गातल्या पोरांसारखे कात्र्या चालवत होते, ते दृश्य मात्र खरंच लोभस होतं. पण तयार झालेले बोर्ड बघितले आणि गंमत वाटली. पंचवीस जणांचे पंचवीस पुठ्ठे, आणि सगळ्यांवर तीच गाडी, तेच स्वित्झर्लंड, तोच समुद्राकाठचा बंगला आणि तेच कोणाचं तरी सपाट पोट!

माझं म्हणणं असं, की ही कला नव्हे, हे होर्डिंग आहे. आणि होर्डिंग काय चीज असते ते आम्हा पनवेलकरांना कोणी शिकवू नये.

सायन-पनवेल हायवेने येता-जाता आम्ही वर्षानुवर्षं एकच चित्र बघत आलोय. निळंशार आकाश, निळाशार जलतरण तलाव, गच्चीवर हसणारं चौकोनी कुटुंब, कोपऱ्यात एक उडणारं विमान आणि खाली ठसठशीत अक्षरात ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी मिळाली २००७ साली. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि पहिली प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे मंजुरीपासून अठरा वर्षं. या अठरा वर्षांत होर्डिंगवरचं विमान मात्र रोज न चुकता उडत होतं! त्याच्या भरवशावर किती फ्लॅट विकले गेले ते बिल्डरलाच ठाऊक. चित्राने काम केलं नाही असं कोण म्हणेल? केलं की. फक्त ते विमानतळ बांधायचं काम नव्हतं.

आता कोणी म्हणेल, अरे पण नवी मुंबईसुद्धा आधी चित्रातच होती. बरोबर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. पुढे १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. पण त्या तिघांनी काही समुद्राकाठचा बंगला चिकटवला नव्हता. मुंबई उत्तर-दक्षिण का ताणली जातेय आणि ती पूर्वेकडे कशी वळवायची, याचा तो विचार होता. चित्रात वाट होती. आणि तरीही पनवेलपर्यंत हार्बरची लोकल यायला १९९८ साल उजाडलं. (शिवाय अशा नकाशांमध्ये जमीन नेहमी कोरी असते. त्या कोऱ्या जागी गावं होती, शेतं होती, मिठागरं होती. १९८४ साली जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा प्रश्न हलायला लागला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण पनवेलमध्ये बसून तो गाळणं बरं नाही.)

असो. तर मुद्दा पुठ्ठ्यांचा.

नुसतं फळाचं चित्र बघत बसण्याने काय होतं, याच्यावर मानसशास्त्रज्ञांनी बराच उद्योग करून ठेवलाय. लीन फाम आणि शेली टेलर यांचा १९९९ चा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यातले गिनिपिग म्हणजे परीक्षेला बसणारी कॉलेजची पोरं. काहींना सांगितलं, रोज थोडा वेळ डोळे मिटून कल्पना करा की तुम्हाला झकास मार्क पडलेत. काहींना सांगितलं, कल्पना करा की तुम्ही अभ्यासाला बसलाय, पुस्तक उघडलंय, टीव्ही बंद केलाय. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना मार्कही जास्त पडले. मार्कांची स्वप्नं बघणारे अभ्यासाच्या तासांत मागे राहिले. पुढे २०११ मध्ये हीदर काप्पेस आणि गॅब्रिएल ओटिंगन यांनी दाखवलं, की गोड गोड भविष्य रंगवलं की माणसाच्या अंगातली हुशारीच उतरते, आणि ते रक्तदाबाच्या आकड्यातसुद्धा दिसतं. मनाला वाटतं, झालं की काम! मग तो बिचारा पाय पसरून बसतो.

मग काय, चित्रं काढूच नयेत? अजिबात तसं नाही. फक्त कशाचं चित्र काढायचं हा प्रश्न आहे, आणि त्याचं सर्वांत झकास उत्तर मला दादासाहेब फाळक्यांकडे सापडतं.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) बघितलेल्यांना गोष्ट माहीत असेल. फाळके जे. जे. मध्ये शिकलेले, छायाचित्रण केलेलं, छपाईतले वाकबगार, वर जादूचे प्रयोगही करायचे. ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परत आले. आता पैसे हवेत. पैसेवाल्यांपुढे काय ठेवायचं? त्यांच्या हातात चित्रकला होती. भरगच्च थिएटर, टाळ्या वाजवणारं पब्लिक, तिकिटाची रांग असं एखादं भव्य चित्र ते सहज काढू शकले असते.

त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि रोज थोडी थोडी चौकट टिपत राहिले. कोंब फुटला, वर आला, पानं फुटली. ती सगळी वाढ पडद्यावर मिनिटाभरात डोळ्यांदेखत व्हायला लागली. ‘अंकुराची वाढ’. ते बघून भांडवलाची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आमच्या धंद्यात याला प्रूफ ऑफ कन्सेप्ट म्हणतात. सगळी इमारत दाखवू नका, एक छोटी गोष्ट खरोखर चालवून दाखवा. पण मला त्यात आणखी एक दिसतं. वाटाण्याचं रोप रोज वाढतच असतं, आपल्याला ते दिसत नाही इतकंच. पाण्याचा तांब्या घेऊन रोज जाणाऱ्याला वाटतं, काही होत नाहीये. आपले संकल्प नेमके इथेच मरतात. पंधरा फेब्रुवारीला वजनकाटा आणि एक जानेवारीचा वजनकाटा यात फरक दिसत नाही म्हणून. फाळक्यांच्या कॅमेऱ्याने न दिसणारी वाढ दिसायला लावली. मला विचाराल तर कलेने प्रेरणा वगैरे द्यायची असेल, तर हे एवढंच करावं.

हे सगळं घरी बायकोला ऐकवत होतो. ती कॉलेजात असल्यापासून चित्रं काढते. मला फ्लोचार्ट सोडून काही येत नाही. ती म्हणाली, “अरे मग आपल्या होम लोनचं काढू या की.”

आमचं कर्ज नवीन पनवेलमधल्या दोन खोल्यांवरचं. आकडे सोयीसाठी गोल करून सांगतो: ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त ६,३८०. अर्धं मुद्दल फिटायला जवळपास १६६ महिने लागतात, म्हणजे चौदाव्या वर्षाच्या शेवटाकडे. हे एक्सेलमध्ये कधीपासून होतं, पण एक्सेल बघून कोणाच्या पोटात गोळा आलाय?

तिने ड्रॉइंग शीटवर एक वीस मजली इमारत काढली. प्रत्येक मजल्यावर बारा खिडक्या. मजला म्हणजे वर्ष, खिडकी म्हणजे महिना, एकूण २४०. हप्ता गेला की खालून एक खिडकी पिवळी करायची, दिवा लागल्यासारखी. इथवर साधंच. खरी मजा पुढे आहे. पहिलं वर्ष संपताना एक जादा हप्ता भरला, तर शेवटचे किती हप्ते कमी होतात माहितीये? जवळजवळ पाच! तोच जादा हप्ता पाच वर्षांनी भरला तर साडेतीन. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व परतफेडीचा दंडही लावता येत नाही. तेव्हा एक जादा हप्ता भरला की विसाव्या मजल्यावरच्या खिडक्या पेन्सिलीने काळ्या करायच्या. इमारत खालून उजळत जाते आणि वरून उतरत जाते. (२०२२ च्या मे ते २०२३ च्या फेब्रुवारीत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत वाढली. त्यांच्या इमारतींवर रातोरात अनधिकृत मजले चढले म्हणायचे.)

चित्र पुरं झाल्यावर बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझी चाळिशी कुठल्या मजल्यावर?”

मोजलं. दहाव्या.

तिला नोकरी सोडून पूर्णवेळ मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत. हे लग्नाआधीपासूनचं आहे, आणि ‘लोन जरा कमी झालं की’ हे आमचं त्यावरचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी पहिल्यांदा त्या ‘जरा’ला आकडा मिळाला. वीसऐवजी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ४९,५९४ हवा, म्हणजे महिन्याला जवळपास १५ हजार जास्त. व्याज मात्र त्रेचाळीस लाखांवरून साडेएकोणीस लाखांच्या घरात येतं. १५ हजार आमच्याकडे नाहीत. माझ्या प्रोजेक्टवर टांगती तलवार आहे, त्यामुळे ते लगेच येतील असंही नाही. पण आता निदान भांडण नेमक्या रकमेवर होतं. :) तिने दहाव्या मजल्याच्या एका खिडकीत टेबल आणि दिवा काढून ठेवलाय. एवढंच एक फळाचं चित्र मी त्यात चालवून घेतलं.

ओटिंगनबाईंचा आणखी एक सल्ला आम्हाला लागू पडला. ध्येयाबरोबर आडवं काय येतं तेही डोळ्यांपुढे आणा, म्हणतात. पनवेलच्या पावसाळ्यात इमारतीला आडवं काय येतं? ओल! तेव्हा ज्या महिन्यात ठरवलेली शिल्लक पडली नाही, त्या खिडकीखाली राखाडी डाग काढायचा. डागाशेजारी बारीक अक्षरात कारण. एकाखाली ‘फ्रिज’ आहे, त्याचं काही नाही. तीन डागांखाली ‘बाहेर जेवण’ आहे आणि त्या तिन्हींमध्ये माझं अक्षर आहे.

आईला हे दाखवलं तेव्हा तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. आई चैत्रांगण काढते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात रोज ते काढायचं: झोपाळ्यातली गौर, तुळशीवृंदावन, सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्मं, कासव, अंबारीतला हत्ती, फणी, करंडा. घरात जे जे असावं, टिकावं असं वाटतं ते बहुतेक सगळं. व्हिजन बोर्डच म्हणा ना! पण ते संध्याकाळपर्यंत पायांनी पुसलं जातं आणि सकाळी परत काढावं लागतं. पुठ्ठा एकदा चिकटवला की आठव्या दिवशी डोळ्यांना दिसेनासा होतो, जिन्यातल्या मीटरच्या पेटीसारखा. हात रोज फिरला तर चित्र जिवंत राहतं. आमच्या इमारतीला तर महिन्यातून एकदाच हात लागतो, ते आईच्या मते फारच कमी आहे.

“मला चित्र काढता येत नाही” ही सबब ऐकून घेणार नाही. चौकोन येतो ना? पळायला जाणाऱ्याने पनवेल ते अलिबाग रस्ता नकाशावरून ट्रेस करावा आणि रोज वडाळे तलावाभोवती जेवढं पळालो तेवढा रंगवावा. कर्नाळा कधी आलं ते कळेल. जर्मन शिकणाऱ्याने शब्दाला एक मणी ओवावा. आमच्या टीममधला एकजण सिगारेट सोडतोय, तो रोज एका कागदी पाकिटावर वाढत्या आकाराचा फुगा काढतो. भयाण काढतो, पण काढतो.

आमच्या इमारतीत आज चोवीस खिडक्यांत दिवे आहेत. वरून नऊ काळ्या झाल्यात आणि दहावीचा एक कोपरा. मधे व्याजदर उतरले, त्याच्या खिडक्या बायकोने निळ्या केल्यात, म्हणाली ती कमाई आपली नाही, काळ्यात धरायची नाही. येत्या पाच तारखेला पंचविसावी. पिवळी पेन्सिल संपत आलीय, ती तेवढी स्टेशनजवळच्या दुकानातून आणायची आहे.