दुखणं कामाच्या खात्यावर लिहा

ओटावातल्या सगळ्या मराठी मंडळींना, कानाटा-बारहेवनपासून ओर्लिन्सपर्यंत, कळकळीची विनंती.

हे वाचताय त्या दिवसापासून सहा महिने मागे मोजा. तेवढ्या काळात कामावर पाठ लचकली असेल, मनगट धरलं असेल, बर्फावर पडला असाल, कोणी अंगावर हात टाकला असेल, आणि ते कुठेही लिहिलं गेलं नसेल, तर ह्याच आठवड्यात लिहा. ऑन्टारियोत कामावरच्या दुखापतीचा क्लेम डब्ल्यूएसआयबीकडे, म्हणजे प्रांताच्या कामगार विमा बोर्डाकडे, सहा महिन्यांच्या आत पोचवावा लागतो. कामामुळे जडलेला आजार असेल तर तो कळल्यापासून सहा महिने. मुदत टळल्यावरही विनंती करता येते, पण मग उशीर का झाला ते पटवून द्यावं लागतं. ‘आज ना उद्या बरं वाटेल असं वाटलं’ ह्या उत्तरावर कोणी विसंबू नये.

गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की निम्म्या रांगेच्या कंबर, मान, गुडघ्यांची खबर मिळते. कोणाकडे पुण्याहून आणलेलं मूव्ह असतं, कोणाकडे डोलोची स्ट्रिप. क्लेम केलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही. त्यातही एक ठरलेला प्रकार आहे. बाईचं दुखणं घरकामाच्या नाहीतर वयाच्या खात्यावर जातं. पुरुषाचं कुठल्याच खात्यावर जात नाही, कारण तो ते बोलतच नाही. दोन्हींचा परिणाम एकच: ज्या कामाने दुखापत केली त्या कामाच्या नावावर काहीच जमा होत नाही, आणि त्या जागी उद्या येणाऱ्या माणसासाठी काहीही बदलत नाही.

वृद्धाश्रमातल्या पीएसडब्ल्यूची, म्हणजे रहिवाशांची देखभाल करणाऱ्या सेविकेची, सकाळ बघा. आपल्यातल्या कितीतरी जणी, तिकडच्या पदव्या बाजूला ठेवून, हे काम करतात. न्याहारीच्या आत एकामागून एक रहिवासी उठवायचे, धुवायचे, कपडे चढवायचे. त्यातलं सगळ्यात किरकोळ वाटणारं काम म्हणजे सुजलेल्या पायांवर घट्ट दाबमोजे चढवणं. वाकून, दोन्ही अंगठे मोज्याच्या आत घालून, टाच बसेपर्यंत ओढत राहायचं. मग दुसरा पाय. मग पुढची खोली. महिन्या-दोन महिन्यांत अंगठ्याच्या मुळाशी कळ बसते, आणि ती जाणवते रात्री पोळ्या लाटताना. मग ताई डॉक्टरांना काय सांगते? ‘पोळ्या लाटताना दुखतं.’ डॉक्टर तेच लिहून घेतात. दुखतं लाटताना, पण लागलंय मोजे ओढताना, हे त्या कागदावर येतच नाही.

म्हणून डॉक्टरांपुढचं पहिलं वाक्य हे असू द्या: मी अमुक काम करते आणि हे त्या कामात सुरू झालं. असं सांगितलं की डॉक्टरांनी फॉर्म ८ भरून बोर्डाकडे पाठवायचा असतो. तुमचा स्वतःचा फॉर्म ६, मालकाचा ७. मालकाला कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवायचं असतं. ह्या विम्यासाठी तुमच्या पगारातून एक सेंटही कापला जात नाही. हप्ता मालक भरतो, आणि चूक कोणाची हा प्रश्न निघत नाही. कामावर जाता आलं नाही तर हातात पडणाऱ्या पगाराच्या ८५ टक्के भरपाई मिळते. ही व्यवस्था १९१५ पासून चालू आहे. तिच्या बदल्यात कामगाराने मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क सोडला. म्हणजे किंमत आधीच मोजून झालेली आहे. आपण माल न घेता दुकानातून बाहेर पडतोय.

बायकांची कामं हलकी असतात ही समजूत डॉक्टरांची आणि मॅनेजरांचीच नाही, बराच काळ संशोधकांचीही होती. मॉन्ट्रियलच्या क्वेबेक विद्यापीठातल्या कॅरन मेसिंग मूळच्या आनुवंशिकीतल्या. पुढे त्या कामाच्या जागांचा अभ्यास करू लागल्या आणि रुग्णालयातल्या सफाई कामगारांच्या मागे मागे फिरल्या. तिथे सफाईचे ‘हलकी’ आणि ‘जड’ असे भाग पाडलेले होते. हलकी बायकांना, जड पुरुषांना. लादीवर मॉप फिरवणं जड. संडास, कठडे, पलंगाखालचे कोपरे पुसणं हलकं. ‘हलक्या’ कामात दिवसभर वाकून, मान वळवून, भराभर हात चालवावा लागतो हे कोणी मोजलंच नव्हतं. ‘वन-आइड सायन्स’ हे त्यांचं पुस्तक १९९८ चं. कामावरचे धोके मोजणारं शास्त्र पुरुषांच्या कामाकडे बघत आलं, बायकांच्या कामाकडे त्याची नजरच गेली नाही, हे त्यांनी त्यात दाखवलं. एकाच हुद्द्याच्या बाई आणि पुरुषाच्या वाट्याला प्रत्यक्षात वेगवेगळी कामं येतात, म्हणून त्यांची दुखणीही वेगवेगळी, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आली. वृद्धाश्रमातच बघा. वजनदार किंवा मारकुट्या रहिवाशाला हलवायचं असलं की हाक पुरुष सहकाऱ्याला. त्याची पाठ एका झटक्यात जाते, तिची थोडी थोडी झिजते. झटका नोंदवणं सोपं, झीज नोंदवायला चिकाटी लागते. दुखणं कधी सुरू झालं, त्या दिवशी काय काम होतं, हे मोबाइलमध्ये दोन ओळींत लिहीत जा. क्लेमच्या वेळी ह्याच ओळी उपयोगी पडतात.

शरीराचा फरक आहेच, तो झाकायचं कारण नाही. बाईचा पंजा सरासरीने लहान असतो, आणि अवजारं, हातमोजे, हार्नेस, मास्क बनतात सरासरी पुरुषाच्या मापाने. गोदामात पुरुषी मापाच्या सेफ्टी बुटात दोन मोजे घालून आठ तास चालणारी मुलगी तुमच्याही ओळखीची असेल. तिला एवढंच सांगा की ऑन्टारियोच्या नियमांनुसार सुरक्षेची साधनं घालणाऱ्याच्या मापाची असली पाहिजेत. माप मागणं हा नखरा नव्हे.

आता दादा लोकांनो, तुमच्याकडे वळते. कॅनडात दरवर्षी हजाराच्या आसपास मृत्यू कामामुळे झाले असं नोंदलं जातं, आणि त्यात पुरुषच फार मोठ्या संख्येने असतात. आपल्या गावातलं उदाहरण २०२२ चं. १३ जानेवारीला मेरिव्हेल रोडवर टँकर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि सहा जण गेले, पाच पुरुष आणि एक तरुणी. अशा घटनेची निदान बातमी होते. ४१७ महामार्गावर रात्रभर ट्रक हाकून सकाळी डिलिव्हरीला निघणाऱ्याच्या छातीतल्या दुखण्याची होत नाही. बांधकामावरच्या माणसाच्या गोळ्यांचीही होत नाही. ऑन्टारियोत २०१८ ते २०२० ह्या काळात ओपिऑइडने दगावलेल्यांपैकी जे नोकरीत होते, त्यांतले जवळपास एक-तृतीयांश बांधकाम क्षेत्रातले होते. पाठदुखीवरची गोळी, शिफ्ट चुकू नये म्हणून दुसरी गोळी, असाच हा रस्ता बऱ्याचदा सुरू होतो. ‘चालतंय’ म्हणणाऱ्या नवऱ्याला, भावाला, रूममेटला एकदा समोर बसवून विचारा. खांद्याचं विचारा, आणि झोपेचंही.

मनाला झालेल्या इजेची ओटावाची आठवण फार कडू आहे. ६ एप्रिल १९९९ ला ओसी ट्रान्सपोच्या गॅरेजमध्ये एका माजी कर्मचाऱ्याने चौघा सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवलं. तो तोतरा बोलायचा आणि कामावर त्यावरून त्याची टवाळी व्हायची, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. त्याने केलं त्याला क्षमा नाही. पण चौकशीतल्या ज्यूरीने कामावरच्या छळाबद्दल कायदा करा अशी शिफारस केली, ती वर्षानुवर्षं पडून राहिली. २००५ मध्ये विंडसरच्या रुग्णालयात एका परिचारिकेचा तिथल्याच डॉक्टरने खून केला, त्यानंतर हालचाल झाली, आणि जून २०१० पासून कामावरची हिंसा आणि छळ रोखण्याचं धोरण ठेवणं ऑन्टारियोतल्या मालकांवर बंधनकारक झालं. २०१८ पासून कामावरच्या छळामुळे आलेल्या दीर्घ मानसिक ताणाचाही क्लेम करता येतो. तो सिद्ध करणं अवघड जातं, हे खरं. म्हणूनच तारखा आणि ईमेल जपून ठेवा. रहिवाशाने थोबाडीत मारली तर ‘म्हातारं माणूस आहे, जाऊ दे’ म्हणून सोडू नका. त्याच्यावर राग धरू नका, पण घटनेचा फॉर्म भरा.

विमा सगळ्यांना आहे असंही समजू नका. खाजगी पाळणाघरं, केशकर्तनालयं, बँका, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, ह्यांना ऑन्टारियोत हा विमा सक्तीचा नाही. मालकाने स्वतः अर्ज करून घेतला तरच. पाळणाघर आणि सलून, म्हणजे मुलं उचलणारे, तासन्‌तास उभे असलेले, बहुतेक बायकांचेच हात, सक्तीच्या बाहेर. माझ्या मते हा नुसता योगायोग नाही. कानाटातल्या इंजिनियर मंडळींनी ‘हे कामगारांचं आहे, आमचं काय’ असं म्हणू नये. तुमचंही नाव त्याच यादीत आहे. मालकाला सरळ विचारा, आपल्याला डब्ल्यूएसआयबी आहे का. केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांसाठी वेगळा कायदा आहे, पण क्लेमचा निर्णय हेच बोर्ड करतं.

गरोदर मुलींसाठी एक माहिती, आणि ती फार थोड्या जणींना असते. पोर्टेज पूल ओलांडून गॅटिनोत गेलं की क्वेबेकचा कायदा लागतो. तिथे कामामुळे आईला किंवा बाळाला धोका असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर दुसरं काम मागता येतं, आणि ते मिळालं नाही तर घरी बसून निव्वळ पगाराच्या ९० टक्के मिळतात. १९८१ पासून ही सोय आहे. ओटावाच्या बाजूला अशी पगारी सोय नाही. इथे मानवी हक्कांच्या कायद्याखाली काम बदलून मागावं लागतं, आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. नोकरी नदीच्या त्या बाजूला असेल तर आजच एचआरला विचारा.

गरोदर कामगारणीचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी घेतली, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. महाराष्ट्रात नव्वद वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापणार, मग पाळीचा त्रास परवडणार कसा? त्या बायकांनाही सांगितलं गेलं होतं की हे बाईचं दुखणं आहे. फडाचं, उचलीचं, पाणी आणि संडास नसण्याचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

भीतीचं बोलू. क्लेम केला तर पीआरला अडचण येईल, शिफ्ट कमी होतील, नाव खराब होईल. ह्या विम्यासाठी तुमचा व्हिसा कोणता हे बघितलं जात नाही. विद्यार्थी असा, वर्क परमिटवर असा, काम विम्याखाली येत असलं की तुम्ही त्यात आहात. क्लेम करू नये म्हणून मालकाने दबाव आणणं कायद्याने गुन्हा आहे. धोक्याचं काम नाकारण्याचा हक्कही बहुतेक सगळ्यांना आहे. आणि ‘रोख पैसे देतो, ह्याचा गवगवा नको’ असं कोणी म्हणालं तर पैशाला हात लावण्याआधी बोर्डाला फोन करा.

वीस किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे सुरक्षा समिती असावीच लागते, आणि तिच्यात निदान निम्मे सभासद कामगारांचे. सभासदांची नावं फलकावर लावलेली असतात. तिथे आपली माणसं जवळपास दिसत नाहीत, बायका तर नाहीतच. जागा रिकामी झाली की नाव द्या. आपल्या मराठी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडेही मागणी आहे: पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ढोलपथकाच्या आधी हा विषय घ्या, आणि फॉर्म भरायला बसतील असे चार जण, त्यात निदान दोन बायका, ठरवा. २८ एप्रिलला कामावर जीव गमावलेल्यांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस असतो; व्हिन्सेंट मॅसी पार्कात कामगार संघटना जमतात. तिथेही यंदा आपण दिसू या.

बोर्डाचा फोन १-८००-३८७-०७५०. जागा धोक्याची असेल, छळ होत असेल, तर प्रांताच्या कामगार मंत्रालयाचा १-८७७-२०२-०००८. संघटना नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर फुकट सल्ला देतं. दुखणं कामामुळेच आहे का ह्याचं वैद्यकीय मत हवं असेल तर ऑन्टारियोच्या कामगारांसाठीची आरोग्य क्लिनिकं १९८९ पासून तेही विनामूल्य देतात. फोन करताना मालकाचं पूर्ण नाव, दुखापतीची तारीख, सिन नंबर आणि डॉक्टरांचं नाव जवळ ठेवा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा हवा असं पहिल्या वाक्यातच सांगा.