फोनमागची रॉयल्टी ठरते कशी?
फोन नेटवर्कला जोडणाऱ्या तंत्रज्ञानावर हजारो पेटंट आहेत. ती टाळून फोन बनवताच येत नाही. म्हणून पेटंटधारक कंपन्या 'रास्त, वाजवी आणि भेदभावरहित' दराने परवाना देण्याची हमी देतात.

पण रास्त म्हणजे किती? घोडं इथेच अडतं. टक्केवारी चिपच्या किमतीवर धरायची की अख्ख्या फोनच्या? एरिक्सन-लावा वाद २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने फोनची विक्री किंमत आधार धरली आणि लावाला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले.

खरी अडचण गोपनीय करारांची आहे. इतरांनी किती मोजले हे माहीत नसेल, तर नवी कंपनी घासाघीस करणार कशी? भेदभाव नाही म्हणता, मग दर उघड करा. शेवटी झळ ग्राहकाच्याच खिशाला बसते.