विश्लेषण : नाथसागरावर गळ टाकताय? पण मासा कोणाचा?

रविवारची पहाट. दोन-तीन दुचाक्या, पाठीला रॉडची पिशवी, डब्यात कणकेचे गोळे आणि गांडुळं. छत्रपती संभाजीनगरातून पैठण साधारण 50 किलोमीटर. कोणी नाथसागराचा काठ गाठतो, कोणी कायगाव टोक्याला प्रवरासंगमाजवळ बसतो. दिवसभरात एखादी चिलापी लागली तरी मित्रांच्या ग्रुपवर फोटो पडतो. छंद निरुपद्रवी दिसतो, आणि बराचसा आहेही. प्रश्न आहे तो या पाण्यातल्या माशावर हक्क कोणाचा, हा.

व्हिडीओतला ‘बास’ इथे मिळतो का?

नाही. ज्या लार्जमाउथ बासच्या मागे अमेरिकेतले हौशी मासेमार धावतात, तो उत्तर अमेरिकेचा मासा. हॉटेलात मिळणारा ‘बासा’ वेगळाच, तो व्हिएतनामकडचा पंगस. इथे बास नाही हे बरंच आहे. जपानने 1925 मध्ये तो हौसेने आणला आणि पुढे बिवा सरोवरातले स्थानिक मासे त्याने फस्त करायला सुरुवात केली. शेवटी 2005 मध्ये त्याला घातक परकी प्रजातींच्या यादीत टाकावं लागलं. आपल्याकडे तीच गोष्ट चिलापीची, म्हणजे तिलापियाची. 1952 मध्ये ती भारतात आली आणि आता बहुतेक धरणांत ठाण मांडून आहे. हल्ला करून आमिष घेणारा मासाच हवा असेल, तर आपली मरळ काही कमी नाही.

मग हे मासे येतात कुठून?

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणांत मत्स्यबीज सोडावं लागतं. मत्स्यजिरे वाढवून त्यांची बोटुकली करायची आणि मग ती जलाशयात सोडायची. यात पैसा आणि महिने जातात. राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिला जातो आणि तो बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पैठण परिसरातल्या भोई कुटुंबांची चूल याच पाण्यावर पेटते. 2019 च्या उन्हाळ्यासारखा उपयुक्त साठा शून्यावर गेला की त्यांचीच जाळी आधी कोरडी पडतात. त्यामुळे ‘धरणातला मासा, तो काय कोणाच्या बापाचा?’ हे वाक्य काठावर कितीही सहज ऐकू येत असलं, तरी खरं नाही.

कायदा काय म्हणतो?

इथेच बरेच जण अडकतात. 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेलं जायकवाडी धरण सगळ्यांना माहीत असतं. त्याचा जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. परवानगी कशासाठी मिळते ते कलम 28 मध्ये दिलं आहे: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, तिथल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार. हौशी मासेमारीचा त्यात उल्लेख नाही. नियम कागदी वाटत असेल तर हिवाळ्यात काठावर तुटून पडलेला तंगूस बघावा. रोहित, पट्टकादंब असे पाहुणे पक्षी उतरतात त्याच उथळ पाण्यात तो पडलेला असतो. नायलॉन कुजत नाही, पायात मात्र अडकतो.

सरसकट बंदी हा उपाय आहे का?

अभयारण्यात हो, तिथे सूट मागण्यात अर्थ नाही. बाहेरच्या तलावांचं तसं नाही. कर्नाटकात कावेरीकाठच्या महसीर मासेमारीच्या शिबिरांत मासा पकडून पुन्हा सोडत असत. अभयारण्याच्या नियमामुळे ती बंद झाली, तेव्हा काठावरची राखण गेली आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांचं फावलं, अशी तक्रार झाली. रॉड घेऊन बसलेला माणूस फुकटचा पहारेकरीही असतो.

म्हणून अभयारण्याबाहेरच्या लहान तलावांवर स्थानिक संस्थेनेच दिवसाचा पास द्यावा. पैसे संस्थेला, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बोटुकलीला. मासे किती न्यायचे याची मर्यादा ठरवावी, बोटभर मासा परत सोडायला लावावा, तंगूस मोजून द्यावा आणि मोजून घ्यावा. मत्स्यव्यवसाय विभागाने एक साधा नमुना ठरवून दिला तरी पुरे. त्यासाठी नवं महामंडळ काढायची गरज नाही.

तोवर काय करायचं?

तलावावर जाण्याआधी तिथल्या संस्थेच्या सचिवाला फोन करायचा. बहुतेक ठिकाणी तो गावातच राहतो आणि विचारणाऱ्याला क्वचितच नाही म्हणतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये रॉड घरीच ठेवायचा. त्या दिवसांत पोटात अंडी घेतलेल्या रोहूच्या माद्या पुराच्या पाण्यात वर निघालेल्या असतात.