वहीची शिफारस

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक वर्गणी मागणारी आणि दुसरी शिफारसपत्र मागणारी. पहिल्यांना टाळण्याची कला मला थोडीफार साधली आहे. दुसऱ्यांना टाळता येत नाही, कारण ती माझ्याच वर्गात बसून गेलेली मुले असतात. परीक्षेचा निकाल लागून चार-पाच महिने झालेले असतात. घरातल्या मंडळींचा धीर सुटत आलेला असतो. त्यातच शेजारच्या मुलाला बोनस मिळाल्याची बातमी भिंतीपलीकडून ऐकू आलेली असते. मग स्वारी बदलापूरला आमच्या घरी येते, खुर्चीच्या अगदी कडेवर बसते आणि म्हणते, "सर, दोन ओळी लिहून द्या."

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. दोन ओळी लिहून देणे हा तर माझा धंदाच! गेली पंधरा-सोळा वर्षे मी त्या बिनतक्रार लिहून देत आलो. 'सदर विद्यार्थी परिश्रमी, नम्र व सुस्वभावी असून त्यास सोपविलेले कोणतेही काम तो जबाबदारीने पार पाडील, अशी माझी खात्री आहे.' वाक्य ठाकठीक आहे. व्याकरणात दोष काढून दाखवा! मुलगी असली तर 'त्यास'च्या जागी 'तीस' घालावयाचे, एवढाच फरक. इंग्रजीतून हवे असेल तर तेही तयारच असते.

या वाक्याचा मला एके काळी अभिमान वाटत असे. गेल्या वर्षी तो उतरला.

त्याचे असे झाले. बदलापूरचीच दोन मुले एका लोकलने अंबरनाथला उतरली आणि एकाच कारखान्यात, स्टोअरकीपरच्या मदतनिसाच्या एकाच जागेसाठी, मुलाखतीला गेली. दोघांच्याही खिशात माझे शिफारसपत्र! मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि विचारले, "तुम्ही जुळे भाऊ आहात काय?"

एक मुलगा ही हकिकत मला सांगताना पोट धरधरून हसला. दुसरा हसला नाही. तो थोडा वेळ थांबला आणि जाता जाता म्हणाला, "सर, रागावू नका, पण माझ्याबद्दल तुम्हांला खरोखर काय माहीत आहे?"

प्रश्नात उर्मटपणा मुळीच नव्हता, आणि म्हणूनच तो मला झोंबला. तीन वर्षे हा मुलगा माझ्यासमोर बसला होता, आणि तो चौथ्या बाकावर खिडकीपाशी बसत असे यापलीकडे मला त्याची काहीही माहिती नव्हती. मी त्याला परत बसवले. म्हटले, "मला ठाऊक नाही हे खरे. आता तू सांग."

मग कळले ते असे. त्याचा मामा उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात जीन शिवण्याच्या एका लहानशा कारखान्यात कटिंग मास्तर आहे. हा मुलगा कॉलेज सुटले की तेथे जाई. दोरा, चेन, बटणे, लेबले यांची आवक-जावक पाही. "आणि याचा हिशेब?" मी विचारले. त्याने पिशवीतून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढली. चौदा महिन्यांची वही होती ती!

मी ती चाळू लागलो आणि नंतर वाचूच लागलो. एके ठिकाणी लिहिले होते की बटणे दर आठवड्याला कमी भरतात. चोरीचा संशय होता. चार दिवस लक्ष ठेवल्यावर ध्यानात आले की ठोकताना बटण वाकले की कारागीर ते फेकून नवे घेतात आणि वेळ जाऊ नये म्हणून मूठभर जास्तच घेऊन ठेवतात. तेव्हापासून नियम केला: वाकलेले आणून द्या, नवे घेऊन जा. पुढच्या पानांवर तूट कमी कमी होत गेलेली दिसत होती. आणखी एका पानावर वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'आज माझी चूक.' सहा इंची चेनच्या जागी पाच इंची मागवल्या गेल्या होत्या. किती नुकसान झाले, कोण काय बोलले, आणि यापुढे मागणीच्या चिठ्ठीला नमुना टाचल्याशिवाय ती पाठवावयाची नाही, असा निश्चय.

वाचकहो, तीन वर्षे मी या मुलाला निबंध कसा लिहावा हे शिकवत होतो. विशेषणे बेताने वापरावीत, प्रत्यक्ष अनुभव लिहावा, असे सांगत होतो. आणि शिफारसपत्रात त्याच्यावर विशेषणांखेरीज दुसरे काहीही मी खर्च केले नव्हते!

"चूक लिहावयास कुणी सांगितले?" मी विचारले.

"शेठनी. ते म्हणतात, फायदा आपोआप लक्षात राहतो, नुकसान लिहून ठेवावे लागते."

या शेठचे वडील फाळणीनंतर सिंधमधून कल्याण कॅम्पात आले होते. महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या बराकी. त्यांत सुमारे लाखभर निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे कोनशिला बसवली आणि कॅम्पाचे उल्हासनगर झाले. घरदार टाकून निघालेल्या माणसांतल्या किती जणांनी शाळेचे दाखले आणि सर्टिफिकिटे बरोबर बांधून आणली असतील? 'मी अमुक शिकलो आहे, तमुक जागी होतो' हे सांगून ऐकणार कोण? तेव्हा माल करून दाखवणे, तो विकणे आणि संध्याकाळी वहीत मांडणे, एवढेच हाती उरले. बाहेरच्यांनी पुढे 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' अशी थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांनी करावी. पण दाखल्यावाचून उभे राहिलेले हे शहर आमच्या बदलापूरपासून दोनच स्टेशनांवर आहे, आणि मी मात्र मुलांना दाखलेच लिहून देत होतो.

मग मी जुने पत्र फाडले आणि नवे लिहिले. 'या मुलाने चौदा महिने लिहिलेली वही मी वाचली आहे. आपणांस वेळ नसल्यास निदान खूण घातलेली दोन पाने पाहावीत.' बस्स! एकही विशेषण नाही.

पुढे काय झाले? गोष्टीत होते तसे लगेच काही झाले नाही. दोन ठिकाणी वही कुणी उघडलीसुद्धा नाही. एके ठिकाणी 'वहीबिही नको, अनुभवाचा दाखला आणा' असे उत्तर मिळाले. चौथ्या ठिकाणी, अंबरनाथच्या एका लहान कारखान्यात, मालकांनी पाने उलटली, 'आज माझी चूक'पाशी ते थांबले आणि त्यांनी चेनबद्दल वीस मिनिटे प्रश्न विचारले. मुलगा सांगत होता, "सर, मुलाखत आहे हेच मी विसरलो." तीन महिन्यांची उमेदवारी मिळाली, ती संपल्यावर आणखी सहा महिने. यंदा पाडव्यापर्यंत कायम करतो म्हणाले आहेत.

वहीने माणसाचे भाग्य उघडल्याची मोठी उदाहरणेही आहेत. मद्रासकडे १९१० साली एक तरुण गणिताच्या वह्या काखेत मारून कारकुनी मागत हिंडत होता. कॉलेजच्या परीक्षेत गणित सोडून बाकी विषयांत त्याची दांडी उडालेली. व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरांनी त्या वह्या पाहिल्या. ते स्वतः गणिताचे जाणकार होते. अशा माणसाला महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवणे त्यांना रुचले नाही. त्यांनी त्याला आपल्या गणिती स्नेह्यांकडे पाठवले. अखेर १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांवर त्याला कारकुनी मिळाली, आणि पुढच्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. हा तरुण म्हणजे रामानुजन. त्यांची बुद्धी आपल्याजवळ नाही हे कबूल. पण पाठीशी पदवी नसता दारोदार हिंडण्याचा अनुभव तर आपल्यातल्या पुष्कळांचा आहे! त्या हिंडण्यात त्यांच्यासाठी बोलल्या त्या वह्याच.

मायकेल फॅरडे हा लंडनमधला बुकबाइंडरकडचा उमेदवार. १८१२ साली त्याने सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. डेव्हींनी कौतुक केले, पण जागा नव्हती. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला भांडणापायी काढून टाकावे लागले, तेव्हा डेव्हींना आठवला तो वही पाठवणारा मुलगा. वहीचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. अर्ज फायलीत जातो. नीट केलेले काम माणसाच्या डोक्यात राहते.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी हेच केले. १९१२ साली चित्रपट काढण्यासाठी त्यांना भांडवल हवे होते. 'मला येते' असे नुसते सांगून सावकार थोडाच पैसे देतो? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' पडद्यावर दाखवली. तो अंकुर पाहून पैसे उभे राहिले, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. वही म्हणजे तरी दुसरे काय? रोज थोडे थोडे टिपलेली आपली वाढ.

कुणी म्हणेल, कारखान्यातल्या मुलाचे ठीक आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्याने काय दाखवावे? हा प्रश्न माझ्याच एका विद्यार्थिनीने विचारला. मी तिला विचारले, "तुमच्या सोसायटीच्या सभेचा वृत्तांत कोण लिहितो?" ती म्हणाली, "मीच की! बाबा सेक्रेटरी आहेत ना." पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची सूचना, वीज कंपनीला गेलेले पत्र, इंग्रजी परिपत्रकाचा सोप्या मराठीत करून फळ्यावर लावलेला मजकूर, हे सारे तिचेच. ती त्याला काम समजत नव्हती, कारण त्याचे पैसे मिळत नव्हते. आता त्यातले निवडक बारा कागद तिने ओळीने लावून ठेवले आहेत.

वही कशी लिहावी याचे फार मोठे शास्त्र नाही. तारीख घालावी. काय करावयाचे होते, काय केले, किती वेळ लागला, कोठे अडले, कसे सुटले, एवढे लिहावे. आकडा माहीत असेल तेथे आकडा लिहावा, 'पुष्कळ' लिहू नये. दुसऱ्याने केलेले काम आपल्या नावावर मांडू नये. दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडते. मालकाचा हिशेब, गिऱ्हाइकांची नावे, कुणाची ड्रॉइंगे त्यात उतरवू नयेत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या ठिकाणी काम शिकणाऱ्याने तर आतले अवाक्षर बाहेर नेऊ नये. जुन्या साहेबावरचा रागही वहीत काढू नये, कारण वाचणारा हा उद्याचा साहेब असतो. आणि मुलाखतीला सगळी वही पुढे ढकलू नये. दोन पानांवर खूण घालावी, बाकीचे विचारले तर दाखवावे.

पण वहीने सगळ्यांचे भले होते असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या शेजारचे एक गृहस्थ बावीस वर्षे एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाला तेव्हा हाती आलेल्या दाखल्यात तीन ओळी होत्या: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, या पदावर, वर्तणूक चांगली. बावीस वर्षांच्या तीन ओळी! पहिल्या मुलाची हकिकत ऐकून ते एका रविवारी माझ्याकडे आले. "प्रोफेसर, माझी वही मागची आहे. चालेल का?" आम्ही दोघे चार रविवार बसलो. ते आठवून सांगत, मी लिहीत असे. कोणते यंत्र कसा आवाज करू लागले की काय बिघडलेले असते, याची सतरा पाने झाली.

त्यांना अद्याप नोकरी लागलेली नाही. वय पन्नाशीला टेकले, की वहीच्या आधी लोक जन्मतारीख वाचतात. पण त्यांच्या पत्नी परवा आमच्या घरी सांगत होत्या, "हल्ली रात्री ते वही काढून वाचतात. वर्षभर 'मला काही येत नाही, मी फुकट गेलो' म्हणत होते. आता म्हणत नाहीत." बेकारीत पैसा जातो हे सर्वांना दिसते, आपल्याला काही येते हा विश्वास हळूहळू जातो, तो कुणाला दिसत नाही. तो परत मिळाला, तर उद्या पुन्हा अर्ज करावयास हात तरी उठतो.

यंदाही मुले येऊ लागली आहेत. शिफारसपत्र मी अजून देतो, पण ते लगेच मिळत नाही. मी एक कोरा कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, "गेल्या महिन्याभरात काय काय केलेस ते तारखेवार लिही." उत्तर ठरलेले असते: "काहीच नाही, सर. घरीच होतो." मी म्हणतो, "बरे, मग घरी काय केलेस ते लिही," आणि आत चहा सांगावयास जातो.

चहा घेऊन बाहेर येतो, तेव्हा बहुधा कागद उलटून पाठीमागे लिहिणे चाललेले असते.