चेंडूचा आवाज गेला ते वर्ष

गिरगावच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर टेबल टेनिसची एक बॅट अजून आहे. लाकडी फळी, दोन्ही बाजूंना बारीक दाण्यांचं रबर, मुठीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. चाळीत टेबल कुठलं असणार? गणपतीच्या मखरासाठी ठेवलेल्या फळ्या घोड्यांवर टाकायच्या, मध्ये पुस्तकं उभी करून जाळी करायची आणि खेळायचं. या बॅटवर चेंडू पडला की ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो. कोण खेळतंय ते जिन्यात आवाजावरून कळायचं, असं अण्णा सांगत.

फेब्रुवारी १९५२ मध्ये हा आवाज गेला, आणि तो जाताना अण्णा तिथे हजर होते. १ ते १० फेब्रुवारी या काळात टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती पहिल्यांदाच होत होती. अण्णा तेव्हा सोळा वर्षांचे. पैसे साठवून त्यांनी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं होतं. युद्धानंतर जपानचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा एक किरकोळ बांध्याचा, चष्मा लावणारा खेळाडू होता. त्याच्या बॅटला दाण्यांच्या रबराऐवजी जाड स्पंज होता.

यात विशेष काय, असं आज वाटेल. पण त्या काळचे मोठे खेळाडू अर्धा खेळ कानांनी खेळत. चेंडू बॅटला कसा लागला, किती जोरात, किती फिरवून, हे आवाजावरून कळे आणि हात त्याप्रमाणे आपोआप वळे. स्पंजवर आवाजच होत नव्हता. चेंडू आत रुतायचा आणि गोफणीतून सुटावा तसा बाहेर यायचा. अमेरिकेचा मार्टी राइसमन हा त्या काळचा नामांकित खेळाडू, तोही सातोपुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. अण्णा म्हणत, ‘‘समोरचा गडी एकदम बहिरा झाल्यासारखा दिसायचा रे.’’ हे सांगताना ते हात कानाकडे नेत. सत्तर वर्षांनीही ती हालचाल तशीच होती.

जपानने मुंबईत चार विजेतेपदं मिळवली : सातोचं एकेरी, फुजी आणि हायाशी यांची पुरुष दुहेरी, नाराहारा आणि निशिमुरा यांची महिला दुहेरी, आणि महिला संघाचा कॉर्बिलन चषक. पण मला त्याहून मोठी वाटते ती तारीख. सॅन फ्रान्सिस्कोचा तह सप्टेंबर १९५१ मध्ये झाला असला तरी अंमलात आला २८ एप्रिल १९५२ ला. म्हणजे सातोने मुंबईत चषक उचलला त्या दिवशी जपानवर परक्यांचा अंमल होता. सार्वभौमत्व परत मिळायच्या अडीच महिने आधी त्या देशाला जगज्जेता मिळाला, आणि तो आपल्या शहरात मिळाला.

या शहराला जपानवर राग धरायला कारणं होती. दहाच वर्षांपूर्वी जपानी विमानांच्या भीतीने मुंबईत ब्लॅकआउट होत होता, खिडक्यांना काळे कागद लागले होते. ब्रह्मदेशच्या जंगलात मराठा पलटणी जपान्यांशी लढल्या होत्या. परळ-लालबागच्या लोकांना तर जपान त्याआधीपासून ठाऊक होता तो स्वस्त कापडामुळे. ते रोखण्यासाठी १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनबाहेरून येणाऱ्या परदेशी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, त्यावर जपानने आपला कापूस घेणं थांबवलं, आणि वऱ्हाड-खानदेशातला कापूसवाला त्यात भरडला गेला. गिरणीतल्या साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराचा धागा ओसाकापर्यंत गेलेला होता.

तरीही त्या फेब्रुवारीत जपानी खेळाडूंसाठी इथे टाळ्या वाजल्या. अण्णांनी वाजवल्या. त्यांचा मामा ब्रह्मदेशातून पाय अधू होऊन आला होता, तरी वाजवल्या. घरी येऊन मामाला सामन्याची हकीकत सांगितली, तेव्हा मामाने एवढंच विचारलं, ‘‘स्पंज किती जाड होता?’’

सरकारनेही तसंच मोकळं मन दाखवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला भारत गेला नव्हता. जपानला त्या तहात बरोबरीची वागणूक मिळत नाही, ही आपली भूमिका होती. ९ जून १९५२ रोजी भारताने तोक्योत वेगळा तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा आपला हक्क सोडला. स्वतःच्या घरात धान्य रेशनवर असलेल्या देशाने हे केलं. त्या निर्णयाचा मला आजही अभिमान आहे.

मग जुलै आला आणि हेलसिंकी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणंच नव्हतं, त्यामुळे युद्धानंतरचं हे त्यांचं पहिलं ऑलिंपिक. त्यात जपानला एकच सुवर्णपदक मिळालं. ते मिळवलं शोहाची इशी याने, कुस्तीत, फ्रीस्टाइलच्या ५७ किलो गटात. मूळचा हा ज्युदोचा गडी. आता याच गटात ब्राँझ कोणाला मिळालं ते आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना. जपानच्या पुनरागमनाचं सोनं आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक एकाच गटातली आहेत. खाशाबा इशीकडून हरले, पण कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून पदकापर्यंत पोहोचले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, पण मी ती दरवर्षी कुठे तरी लिहितोच, कारण ती जुनी होऊन चालणार नाही.

खाशाबांची कुस्ती लाल मातीतली, हेलसिंकीत मात्र मॅट होती. १९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत सबइन्स्पेक्टर झाले. गिरणगावात तेव्हा सातारा-कोल्हापूरहून आलेल्या पोरांच्या तालमी होत्या. पाळी सुटली की लंगोट लावून मातीत उतरणारे हे गिरणी कामगार खाशाबांना आपला माणूस मानत.

त्या एका वर्षी आपण आणि जपान एकाच पायरीवर उभे होतो, दोघंही नव्याने सुरुवात करणारे. पुढे काय झालं? सातोची बॅट पाहून त्यांची पोरं कामाला लागली. १९५४ ते १९५९ या काळात पुरुषांचा स्वेथलिंग चषक जपानने सलग पाच वेळा जिंकला. इशीमागून मल्लांची रांग लागली, १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकला एकट्या कुस्तीत पाच सुवर्णपदकं आली. आपल्याकडे खाशाबांनंतर दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. कुस्तीतलं पदक तर २००८ मध्ये आलं, सुशीलकुमारचं. छप्पन्न वर्षं! मल्ल कमी नव्हते. त्यांच्यासाठी आपलं घर गहाण ठेवणारा एक प्राचार्य होता, पण त्या प्राचार्याची जागा घेणारी व्यवस्था आपण उभी केली नाही. हा दोष आपला आहे आणि तो इतर कोणावर ढकलता येणार नाही.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. स्पर्धेचं त्यांनी जपून ठेवलेलं तिकीट एका स्थलांतरात हरवलं. त्या फेब्रुवारीत तिथे असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. गिरगावात, दादरला, परळच्या जुन्या इमारतींत त्यांतली काही अजून आहेत. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा : जपानी संघ उतरला कुठे होता, त्यांच्या जेवणाची सोय कोणी केली, टाळ्या किती वाजल्या, स्पंजच्या बॅटला आपली पोरं काय म्हणत. एखादा फोटो, एखादं तिकीट, कोणाची सही निघाली, तर या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. मी स्वतः येऊन बघेन.